कोरी चिठ्ठी

बाळा,

परवा फोनवर तू म्हणालास, आई वाचनालयातली ती जुनी पुस्तकं रद्दीत घाल, दोन कपाटं हलव आणि पोरांच्या अभ्यासिकेला जागा कर, आता कोण वाचतंय. मी तेव्हा काही बोलले नाही, गॅसवर दूध होतं, पण रात्रभर तेच डोक्यात होतं म्हणून सविस्तर लिहितेय.

अभ्यासिकेचं तुझं बरोबरच आहे. पोलीस भरतीची, तलाठीची पोरं सकाळी साडेसहाला कुलूप उघडायच्या आधी ओट्यावर बसलेली असतात, घरात एका खोलीत सहा माणसं, जाणार कुठं. दहा खुर्च्या आहेत आणि सोळा पोरं येतात. म्हणून मागच्या महिन्यात मी निर्लेखनाला बसले, म्हणजे फाटकी, कसर लागलेली, पानं गळलेली पुस्तकं दाखल रजिस्टरातून रीतसर कमी करायची, कमिटीचा ठराव घेऊन. नुसती उचलून भंगारवाल्याला देता येत नाहीत रे, प्रत्येकाचा दाखल नंबर असतो, तपासणीला साहेब आले की आधी तो विचारतात.

तर एकेक पुस्तक काढून शेवटच्या पानावरची तारखेची चिठ्ठी बघत होते. एक जात्यावरच्या ओव्यांचं पुस्तक निघालं, शेवटचा शिक्का 2009 चा. कमी करायच्या गठ्ठ्यात ठेवलं आणि हात थांबला. कारण वरच्या आळीतल्या आजी दर गुरुवारी बाजार उरकून येतात, त्यांना वाचता येत नाही, सातवीतली नात ओट्यावर बसून त्यांना तेच पुस्तक वाचून दाखवते. आजी मधेच अडवतात, "असं न्हाई गं, आमच्यात असं म्हणत्यात," आणि स्वतःची ओवी म्हणतात. पोरगी पुस्तकात पेन्सिलीनं लिहायला लागली तेव्हा मी तिला चाळीस पानी वही दिली, ती आता अर्धी भरलीय. आजी सभासद नाहीत, पुस्तक घरी जात नाही, शिक्का पडत नाही. चिठ्ठी कोरी म्हणजे वाचक नाही असं धरलं असतं तर ते पुस्तक गेलंच होतं. ग्रंथालयशास्त्राच्या रंगनाथन सरांनी 1931 मध्ये पाच सूत्रं मांडली, त्यातलं तिसरं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, ते मी कोर्सला असताना पाठ केलं होतं, कळलं त्या दिवशी.

आता पैशाचं. तुला माझ्या पगाराचा राग येतो, मला माहितेय. आपलं 'ड' वर्गाचं, म्हणजे सगळ्यात खालच्या दर्जाचं वाचनालय, वर्षाला 30,000 अनुदान होतं, 2022 ला 60 टक्के वाढ ठरली म्हणून 48,000 झालं, त्यातलं निम्मं पगाराला, म्हणजे महिन्याला 2,000. उरलेल्यात पुस्तकं, पेपर, लाईट बिल, सगळं. आणि तेही हप्त्यानं, यंदा दुसरा हप्ता लांबला तेव्हा पेपरवाल्याची उधारी मी घरातून भागवली, हे तुझ्या बाबांना अजून सांगितलं नाहीये. शेजारी कर्नाटकात घरपट्टीवर ग्रंथालय कर घेतात, आपल्या 1967 च्या कायद्यात तो नाहीच, त्यामुळं दरवर्षी सरकारच्या तोंडाकडं बघायचं. हे चुकीचंय आणि मी संघटनेच्या प्रत्येक बैठकीत उठून बोलते, बोलत राहणार. पण पगार कमी म्हणून काम कमी दर्जाचं असं तू धरू नकोस, त्याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून मी असं ठरवलंय. 140 पुस्तकं खरंच संपलीत, ती कमी होतील, ठराव झालाय. बाकीची भिंतीला उंच फळ्या ठोकून वर चढवायची, खालची जागा पोरांना. ओव्यांचं पुस्तक मात्र माझ्या टेबलाजवळच, आजींचा हात पोचला पाहिजे.

सुतार फळ्यांचे साडेसहा हजार सांगतोय, कमिटी चार देते म्हणाली. उरलेले तू दिलेस तर मी घेईन, पण पावती फाडूनच, देणगी म्हणून. आणि गणपतीला दोन दिवस आधी ये, शिडीवर चढायला माझे गुडघे आता ऐकत नाहीत. येताना डांबरगोळ्यांची दोन मोठी पाकिटं आण, इथं महाग मिळतात.

तुझी आई