ओवी दिवाळीला येतेय, त्याआधी

प्रिय आई-बाबा,
सा. न.

दिवाळीत ओवीला आठवडाभर तुमच्याकडे ठेवायचं ठरलंय, म्हणून हे सविस्तर लिहिते. फोनवर आईला रडू येतं आणि सांगायचं तसंच राहतं.

बाबा, तुमचीच शुगर तिच्याकडे गेली का, असं विचारलंत. नाही. तुमच्या शरीरात इन्सुलिन तयार होतं, ते नीट लागू पडत नाही. म्हणून गोळी, पथ्य आणि फिरण्यावर तुमचं भागतं. तिचा टाइप वन मधुमेह वेगळा. तिच्या प्रतिकारशक्तीनेच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या. गोड खाल्ल्याने हे होत नाही, आणि असं झालेल्या बहुतेक मुलांच्या घरात हा आजार आधी कुणालाच नसतो. तेव्हा आईने तिच्या लाडवांना दोष देणं आता थांबवावं.

कारल्याच्या रसाने, चूर्णाने इन्सुलिन सुटेल म्हणणाऱ्या त्या वैद्यांचं मात्र स्पष्ट सांगते. कारल्याची भाजी ती खात असेल तर खुशाल द्या, पण कुठल्याही रसाच्या किंवा चूर्णाच्या भरवशावर इन्सुलिन एक दिवसही बंद करायचं नाही. ताप आला, उलट्या झाल्या, ती नीट जेवली नाही, तरी परस्पर बंद करायचं नाही. आधी मला फोन. इन्सुलिन नसलं की साखर रक्तातच पडून राहते, शरीर चरबी जाळू लागतं आणि रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात. पोटदुखी, उलट्या, धाप, मग बेशुद्धी. ॲडमिट केलं तेव्हा तिचं हेच झालं होतं. त्याआधी सारखी तहान, रात्री अंथरूण ओलं, वजन उतरलेलं. आम्हाला वाटलं उन्हाळा आहे. पूर्वी अशी मुलं उपाशी ठेवून कशीबशी काही महिने जगवत. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन नावाच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. मरणाच्या दारातला तो मुलगा पुढे 13 वर्षं जगला. तेव्हाचं औषध किती कच्चं होतं! ओवीला तर आज इन्सुलिन टोचायचं चांगलं पेन मिळतंय, तिच्यापुढे सगळं आयुष्य आहे.

शुगर लो होणं तुम्हाला ओळखता यायला हवं. चेहरा पांढराफटक पडतो, घाम येतो, हात थरथरतात, नाहीतर उगीच चिडचिड करते. लगेच बोटातून तपासा. 70 च्या खाली असेल तर दोन-तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून पाजा, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. पेढा देऊ नका, त्यातल्या तुपा-खव्यामुळे साखर सावकाश चढते. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, थेट दवाखाना.

रात्री तपासताना तिला उठवावं लागत नाही. पांघरुणातून हात बाहेर काढते, झोपेतच बोट पुढे करते. मधोमध टोचू नका, बोटाच्या कडेला कमी दुखतं.

करंजी तिला खायची आहे. खाऊ दे. जेवणाआधी किती काय खाणार ते ठरवून त्याप्रमाणे इन्सुलिनचे युनिट घ्यायचे, एवढंच. हिशेब मी व्हिडिओ कॉलवर करून देईन. तिला एकटीला वेगळं ताट मात्र वाढू नका.

आई, "कुणाला सांगू नकोस, पुढे मुलीचं लग्न व्हायचंय" असं तू म्हणालीस. तुझी काळजी कळते मला. पण ती अंगणात खेळताना लो झाली तर शेजारच्या काकूंना ते कळायला नको का? सगळ्यांना सांग. आणि "बिचारी" म्हणणाऱ्यांना तिच्यासमोर तरी गप्प कर.

नवीन पेनं फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. चालू पेन बाहेर राहिलं तरी चालतं, उन्हापासून दूर ठेवा. तुमच्याकडे दुपारची लाइट जाते, तेवढ्याने काही होत नाही. ग्लुकोजचे दोन डबे आणून ठेवा, एक स्वयंपाकघरात, एक बाबांच्या फिरायच्या पिशवीत.

तुमची,
मनू