शेत पाच एकर, सांभार विकत!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरात गच्चीवर भाजी लावून घरखर्च कसा वाचतो, यावर हल्ली बरेच छापून येते. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ या शेतकऱ्यांच्या चळवळीतून हे फार आधी दाखवून दिले होते, तेव्हा त्याचे मला नवल नाही. नवल आमच्या आर्णी तालुक्यातल्या कापसाच्या गावांचे. शेत पाच एकर, आणि सांभार (म्हणजे कोथिंबीर) आठवडी बाजारातून विकत!

सासूबाईंच्या वेळी घरामागे सांदवाडी, म्हणजे परसबाग, होती. अंबाडी, चवळी, वाल, कुंपणावर दोडक्याचा वेल. वावरातून तरोटा, चिवळ ही रानभाजी फुकट यायची. ती आता तणनाशकाने जळते. गेल्या पावसाळ्यात मी दहा बाय बाराचा तुकडा खणला. मोरीचे पाणी अळू आणि केळीला सोडले. बाजाराचा साडेतीनशेचा खर्च दीडशेवर आला. यातून गरिबी हटते असे मी म्हणणार नाही, कापसाचा भाव पडला की पडलाच. पण कापूस घरात यायच्या आधी, श्रावण-भादव्यात, हात अगदी रिकामा असतो आणि सांदवाडी नेमकी तेव्हाच देते.

‘उमेद’ या सरकारी अभियानाच्या बचत गटांत पोषण परसबागेची चर्चा होते. बियाणे काही फार महाग नाही, घोडे अडते कुंपणापाशी. वानरांनी माझे सगळे दोडके नेले, कारली तेवढी ठेवली (त्यांनाही चव कळते). आणि ज्यांच्याकडे वावरच नाही त्यांचे काय? सरकारी योजनेतले घरकुल किमान 25 चौरस मीटरचे बांधावे लागते. ज्याची जागाच तेवढी, त्याने वेल कुठे चढवावा?

म्हणून गटातर्फे आम्ही ग्रामपंचायतीकडे दोनच गोष्टी मागितल्या. गावठाणातली पडीक जागा कुंपण घालून भूमिहीन बायांच्या गटाला द्यावी. आणि स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी जे शोषखड्डे होतात, त्यांत पाणी जाण्याआधी ते अळूच्या वाफ्यातून फिरवावे. उत्तर मिळाले, “बघू.” मृगाआधी बघून झाले, तर यंदाच बी पडेल.

— एक गृहिणी, ता. आर्णी, जि. यवतमाळ