तडा कुठून गेलाय ते आधी बघा

संपादक महोदय, नमस्कार.

सिमेंट रोडला तडे गेल्याचे फोटो आपल्या पेपरात अधूनमधून येतात, खाली ‘निकृष्ट काम’ लिहिलेलं असतं, आणि मग तो फोटो दिवसभर मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत राहतो. काम खराब असेल तर छापलंच पाहिजे, त्याबद्दल वादच नाही. पण सगळे तडे सारखे नसतात, आणि खरा दोष बहुतेक वेळा फोटोत येतच नाही कारण तो खाली मातीत आणि पाण्यात असतो. मी सिव्हिलचा माणूस, नोकरी सगळी रोडच्या साईटवर झाली, म्हणून लिहितोय.

काँक्रीट सुकताना आकसतं, त्यामुळे ते तडकणारच. म्हणून साधारण साडेचार मीटरवर कटरने आडवी खाच मारतात, स्लॅबच्या जाडीच्या पाव ते एकतृतीयांश खोल, म्हणजे तडा गेलाच तर त्या खाचेखालून सरळ जातो. तो तडा दोष नाहीच, तो तिथे जावा म्हणूनच खाच असते. पण खाच सोडून स्लॅबच्या मधून वाकडातिकडा तडा दिसला तर पहिला संशय कटिंगला उशीर झाल्याचा घ्यायचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात, सकाळी टाकलेलं काँक्रीट त्याच दिवशी कटिंगला येतं, आणि कटरवाला सांगतो उद्या येतो. क्युरिंगचं, म्हणजे नवं काँक्रीट ओलं ठेवण्याचं पण तेच, निदान १४ दिवस त्याच्यावरची पोती ओली पाहिजेत, भर दुपारी जाऊन हात लावून बघा, कडक सुकलेली सापडतील.

आता माती. नागपूरची काळी माती उन्हाळ्यात इतकी भेगाळते की भेगेत हात जातो, आणि पावसाळ्यात तीच फुगून वर येते. रोडखालची माती किती दम धरते ते सीबीआर टेस्टने कळतं, माती चार दिवस पाण्यात ठेवायची आणि मग ५० मिमी व्यासाचा दट्ट्या तिच्यात ठराविक वेगाने दाबायचा. चांगल्या खडीला १०० धरलं तर भिजलेली काळी माती बऱ्याच ठिकाणी २ ते ४ च्या पुढे जात नाही. म्हणून ती काढून चांगला मुरूम भरायचा नाहीतर तिच्यात चुना मिसळायचा, आणि योग्य ओलाव्यावर रोलर फिरवायचा. लोकांना वाटतं सिमेंटचा रोड ताठ असतो, त्याला खालच्या मातीचं काय, पण स्लॅबला खालून सगळीकडे सारखा आधार लागतो, एका बाजूला माती फुगली आणि दुसरीकडे बसली की स्लॅब अधांतरी राहतो आणि कोपरा तुटतो.

पाऊस झाल्यावर एखाद्या जुन्या सिमेंट रोडच्या जॉइंटजवळ उभं राहून बघा. बस गेली की जॉइंटमधून चिखलाच्या पाण्याची पिचकारी उडते. ते पाणी खालची बारीक माती सोबत घेऊन बाहेर येतं, स्लॅबखाली पोकळी होते आणि पुढच्या वर्षी तोच कोपरा खचतो. त्यात रेतीचे ओव्हरलोड टिप्पर, एक्सलवरचा भार दुप्पट झाला तर नुकसान दुप्पट नाही, साधारण १६ पट होतं, हे अमेरिकेत १९५८ ते १९६० च्या मोठ्या रोड टेस्टमध्ये दिसलं होतं.

बंदराचा धक्का बांधणारे या पाण्याला फार मान देतात. ओहोटीला समुद्र खाली जातो पण धक्क्यामागच्या भरावातलं पाणी वरच राहतं आणि भिंतीला बाहेर ढकलतं, म्हणून ते मागे दगडांचा फिल्टर भरतात आणि पाणी निघायला भिंतीत भोकं ठेवतात. आपल्याला समुद्र नाही, पण जुलैतली काळी माती आहे आणि पाण्याचा जोर इथेही तोच. खडीचा जो थर पाणी बाहेर काढायला असतो त्याचं तोंडच आपण मातीने आणि पेव्हर ब्लॉकने बुजवून टाकतो, मग पाणी जाणार कुठे? आमच्या गल्लीत तर जुना डांबरी रोड न खोदता त्याच्यावरच काँक्रीट टाकलं, रोड घरांच्या जोत्यापेक्षा वर गेला आणि आता पावसाचं पाणी अंगणात येऊन थांबतं. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा पाणी घरात शिरलं की काय होतं ते या शहराने बघितलंय, तरी लेव्हल कोणी तपासत नाही.

माझी विनंती दोन्हीकडे आहे. फोटोग्राफरने तडा खाचेत आहे की बाहेर ते दिसेल असा फोटो घ्यावा, आणि जमलं तर बाजूच्या नालीचाही. आणि काम सुरू होताना जो बोर्ड लागतो त्यावर नुसता खर्च आणि ठेकेदाराचं नाव नको, मातीचा भिजवलेला सीबीआर, मुरूम, खडी आणि काँक्रीटच्या थरांची जाडी, तयार रोडची लेव्हल आणि काँक्रीट टाकल्याची तारीख हे पण मराठीत लिहा. पोती कधीपर्यंत ओली राहायला पाहिजेत ते मग गल्लीतले लोक स्वतःच मोजतील.

आपला,
एक निवृत्त साईट इंजिनिअर, नागपूर