काकूंना समुद्र दाखवायचाय

ठाणे
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. काकूंना समुद्र कुठे दाखवावा, हे फोनवर दोन मिनिटांत विचारता आलं असतं, ते तू चार पानं भरून लिहिलंस, म्हणून मीही कालची एकादशी आटोपून आज सकाळीच लिहायला बसले आहे. काकू सत्त्याहत्तर वर्षांच्या झाल्या आणि त्यांनी अजून समुद्र पाहिलेला नाही, हे वाचून मला काटोलची ती दिवाळी आठवली. आपण हॉस्टेलवरून तुझ्या घरी गेलो होतो. संध्याकाळी संत्र्याच्या बागेत काकूंनी मला विचारलं होतं, "पलीकडचा काठ दिसत नाही म्हणतेस, मग माणूस नजर टेकवतो कुठं?" मला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. इतक्या वर्षांनी ते द्यायची संधी आली आहे, आणि ती वाया जाऊ द्यायची नाही असं मी ठरवलंय.

तू पाच नावं लिहिलीस. अलिबाग, दिवेआगर, गणपतीपुळे, तारकर्ली आणि गोवा. "यातलं सगळ्यात चांगलं कुठलं?" असंही विचारलंस. सुनंदा, चांगली तर सगळीच आहेत. पण या खेपेला आपण काकूंसाठी चाललोय. त्यांचे गुडघे, त्यांची तुळशीची माळ, आणि त्यांना गर्दीत होणारी घालमेल, या तीन गोष्टी धरून मी ती नावं पुन्हा वाचली.

अलिबाग मुंबईला जवळ, म्हणूनच सुट्टीच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. गोव्याबद्दल मला तक्रार नाही, पण काकूंना तिथे आपलंसं वाटायला वेळ लागेल आणि आपल्याकडे चारच दिवस आहेत. गणपतीपुळ्याचं देऊळ अगदी पाण्याच्या काठी आहे, काकूंना फार आवडेल. पण तू दिलेल्या तारखांच्या आठवड्यात, २२ जानेवारीला, माघी गणेश जयंती आहे आणि त्याला लागून शनिवार-रविवार आणि २६ जानेवारीची सुट्टी. त्या दिवसांत तिथे दर्शनाची रांग केवढी असेल याची कल्पना कर. शिवाय तिथला समुद्र फसवा आहे, अधूनमधून कुणाचा ना कुणाचा जीव जातो. मुलं पाण्यात असताना मला तिथे निवांत बसता येत नाही. दिवेआगरचा किनारा मात्र सपाट आणि गोड आहे. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ त्याच पट्ट्यावर येऊन आदळलं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. वर्षानुवर्षं वाढवलेली झाडं एका दुपारीत गेली. माणसांनी पुन्हा लावलीत, वाढवतायत. तिथे एकदा मुद्दाम जाऊन चार पैसे खर्च करायचे आहेत मला, पण वेगळ्या वेळी.

तारकर्ली माझी सगळ्यात लाडकी, हे तुला माहीत आहे. थंडीत तिथलं पाणी इतकं नितळ असतं की कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून आपली पावलं दिसतात. देवबागला एका हाताला कर्ली नदी, दुसऱ्या हाताला समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माणसांची घरं. समोर मालवणला सिंधुदुर्ग. महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेला, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी. यंदा जुलैत युनेस्कोच्या यादीत आपले बारा किल्ले आले त्यात तोही आहे. तुझ्या ओंकारला स्कूबा करायचं आहे, त्यालाही तिथेच जायला हवं. पण किल्ल्यावर जायचं तर हलत्या होडीत चढ-उतार करावी लागते आणि मग दगडी पायऱ्या. काकू किनाऱ्यावर बसून राहणार आणि आपण सगळे किल्ला बघून येणार, हे मला पटत नाही. नागपूरहून मुंबई गाठल्यावर पुन्हा कुडाळपर्यंतचा प्रवासही त्यांना जड जाईल. ओंकारला सांग, पुढच्या वर्षी मावशी तुला तारकर्लीला नेणार. हे माझं वचन.

तर माझं म्हणणं असं, की आपण गुहागरला जाऊ. तुझ्या यादीत ते नाही.

का ते सांगते, पण त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तुला आजवर नीट सांगितली नाही.

आईचं माहेर पालशेतचं, गुहागरच्या शेजारचं. लहानपण सगळं समुद्राच्या आवाजात गेलेलं. शेवटच्या दोन वर्षांत ती इथे ठाण्यात माझ्याकडे होती आणि एकच म्हणायची, "एकदा पाण्यात पाय बुडवून यायचंय." मी फोटो बघून एका नावाजलेल्या किनाऱ्यावरची खोली घेतली. समुद्राला लागून आहे असं त्यांनी सांगितलं होतं. प्रत्यक्षात ते घर टेकडीवर निघालं. गॅलरीतून समुद्र छान दिसायचा, पण खाली जायला सत्तरेक पायऱ्या. पौर्णिमा होती, चंद्र उगवताना आई वाळूत असावी म्हणून संध्याकाळी मी आणि यांनी तिला धरून धरून खाली उतरवलं. अर्धा तास लागला. खाली पोचलो तर पाणी कुठच्या कुठे गेलेलं. ओली वाळू लांबच लांब, आणि तिच्या पलीकडे लाटांची एक पांढरी रेघ. आईला तेवढं चालणं शक्यच नव्हतं. ती शेवटच्या पायरीवर बसली, चपला काढून शेजारी ठेवल्या, आणि कोरड्या वाळूत पाय रोवून बघत राहिली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तिथी बघायची होतीस गं. पुनवेला संध्याकाळी ओहोटी असते."

पुढच्या आषाढात ती गेली. तिला पुन्हा नेणं झालं नाही.

त्या पायरीवर बसूनच तिने मला हिशेब शिकवला होता. तिथीला पाऊणपट करायचं, जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला चाराचे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे सव्वाअकरा, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. गावागणिक थोडाफार फरक पडतो, पण भरती-ओहोटीचं वेळापत्रक हाताशी नसतानाही आमच्याकडच्या बायका वाळूवर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला याच हिशेबाने जायच्या. आणखी एक, पुनवेला आणि अवसेला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि तेवढंच मागेही जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तिला जोर कमी.

आता तुझ्या तारखा बघ. २५ जानेवारी, रविवार, रथसप्तमी. साताचे सव्वापाच. दुसऱ्या दिवशी अष्टमी, सहा. मंगळवारी नवमी, पावणेसात. म्हणजे तिन्ही दिवस संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पाणी आपण होऊन काकूंच्या जवळ येणार. त्यांनी त्याच्यामागे जायला नको. आणि भांगाचं पाणी, त्यामुळे लाटाही दांडगाई करणार नाहीत. ही तारीख तू मुलांच्या सुट्टीसाठी निवडलीस, पण मला वाटतं काकूंचं नशीबच आहे.

आणि गुहागर का, तर तिथे घरं आणि समुद्र यांच्या मध्ये टेकडी वगैरे काही आडवं येत नाही. गावातून एकच लांबच लांब रस्ता जातो, त्याच्या दोन भागांना वरचा पाट आणि खालचा पाट म्हणतात. रस्त्याला घराची ओटी, आत माजघर, मग पडवी, मागे नारळी-पोफळीचं आगर, आगर संपलं की सुरूची झाडं आणि मग वाळू. मागच्या दाराने निघालं की समुद्र. चढ नाही, जिना नाही. काकूंसाठी एक खुर्ची आधीच वाळूवर नेऊन ठेवायची आणि त्यांना हळूहळू आगरातून न्यायचं. आगरातच त्यांचा अर्धा तास जाईल बघ, कारण संत्र्याला पाणी देणारी बाई पोफळीला पाणी कसं देतात ते उभं राहून बघितल्याशिवाय पुढे जाणार नाही. झाडांच्या ओळीतून पाटाचं पाणी खेळवलेलं असतं, पायाखाली ओल, वर गच्च सावली. आणि त्या सावलीतून बाहेर पडताना समुद्र एकदम समोर येतो. आवाज मात्र आधीपासून कानावर असतो.

काकूंच्या माळेची काळजी करू नकोस. गुहागरात घरगुती शाकाहारी जेवण ही नेहमीची गोष्ट आहे. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, डाळिंबी उसळ, सोलकढी, आणि सांगून ठेवलं तर उकडीचे मोदक. भाऊजींना सुरमई हवीच असेल, तर तेवढ्यापुरतं त्यांनी आणि मुलांनी गावातल्या खानावळीत जावं.

दर्शनाला व्याडेश्वर गावातच आहे, दुर्गादेवीही. हेदवीचा दशभुजा गणपती गाडीने जवळ. तिथली बामणघळ मात्र या खेपेला सोड. कड्याच्या फटीत लाट घुसून पाणी उंच उडतं ते बघायला उधाणाची भरती लागते, आणि आपण मुद्दाम भांगाला चाललोय. गोपाळगड, दीपगृह वगैरे मुलांना घेऊन मी एका सकाळी जाऊन येईन. बाकी तीन दिवसांत "पॉइंट" बघत फिरायचं नाही. काकूंनी समुद्राजवळ बसायचं आणि आपण काकूंजवळ.

मुलांसाठी एक गोष्ट मात्र आहे. गुहागरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वनखात्याची माणसं ती अंडी कुंपणात जपतात आणि पिल्लं निघाली की पाण्यात सोडतात. २०२३ साली तिथे बागेश्री नावाच्या एका मादीच्या पाठीवर यंत्र बसवून तिला सोडलं होतं, ती श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. जानेवारीअखेर पिल्लं दिसतीलच असं नाही, फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त भरवसा. पण ओंकारला बागेश्रीची गोष्ट आधीच सांगून ठेव, आणि नकाशाही दाखव.

पाण्याबद्दल एकच नियम, आणि तो तू मुलांना नागपुरात असतानाच बजाव. गुडघ्याच्या वर जायचं नाही, आणि ओहोटीला तर पाय ओले करण्यापलीकडे नाही. ओहोटीचं पाणी ओढतं, आणि ती ओढ वरून दिसत नाही.

आता प्रवास. तुम्ही शुक्रवारी सकाळी विदर्भ एक्सप्रेसने ठाण्याला उतरा. दिवसभर आणि रात्री माझ्याकडे. काकूंना अंथरूण खाली नको, माझी खोली त्यांना देते. शनिवारी सकाळी ठाण्यालाच मांडवी एक्सप्रेस पकडू, दुपारी चिपळूण. तिथून गुहागर पंचेचाळीसेक किलोमीटर, मार्गताम्हाने, शृंगारतळी करत. एसटी आहे, पण काकूंसाठी गाडी सांगू, माझा चुलतभाऊ बघून ठेवेल. आरक्षण ६० दिवस आधी सुटतं, म्हणजे मांडवीचं २५ नोव्हेंबरला सकाळी आठला. जोडून सुट्टी आल्यामुळे पाच मिनिटंही थांबून चालणार नाही. मांडवीचं मी काढते, नागपूरहून येतानाचं तू काढ. काकूंना खालचा बर्थ मिळेल असं बघ. बुधवारी परत फिरू, तोवर सोमवारची गर्दी उलटून गेलेली असेल.

राहायचं घर मी स्वतः जाऊन बघून येणार आहे, पुढच्या रविवारी. फोटोवर विसंबायचं नाही आता. पायऱ्या मोजणार, कमोड आहे का बघणार, आणि मागच्या दारापासून वाळूपर्यंत काकूंच्या चालीने चालून किती वेळ लागतो तेही बघणार.

काकूंना अजून काही सांगू नकोस असं आधी लिहिणार होते, पण नको, सांग. दोन-अडीच महिने वाट बघण्यातही मजा असते. फक्त सूर्य समुद्रातून उगवताना दिसेल असं त्यांना वाटायला नको, आपल्याकडे तो समुद्रात मावळतो. रथसप्तमीला सकाळी आगरात पूर्वेकडे तोंड करून त्या नेहमीसारखं दूध उतू घालतील, पाटावर रथ काढतील. शेण्या मी तिथल्या घरी सांगून ठेवते, काटोलहून आणू नका. रांगोळी मात्र त्यांची त्यांना लागेल, ती आणा. आणि त्याच दिवशी सव्वापाचला आपण त्यांना मागच्या दाराने नेऊ.

एक विनंती आहे. त्या पहिल्यांदा पाण्यात पाय ठेवतील तेव्हा त्यांचा एक हात तुझ्या हातात असेल, दुसरा मला धरू दे.

संत्री यंदा कशी आहेत? येताना आणायची असली तर थोडीच आण, ओझं नको. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, काकूंना साष्टांग.

तुझी,
मीना

ता. क. काकूंच्या चपला मागे पट्टा असलेल्या घे. वाळूत साध्या चपला मागे राहतात.