मूर्ती सापडली तर घासू नका

महोदय,
जमिनीतून जैन कांस्यमूर्ती निघाली की लोक श्रद्धेने चिंच लावून ती उजळवतात. कृपया असे करू नका. वडोदऱ्यातील अकोट्याला १९५१ साली सापडलेल्या जैन मूर्तींचा काळ ठरवताना त्यांवर कोरलेल्या लेखांतील अक्षरांचे वळण मोलाचे ठरले. घासल्यावर आधी तीच बारीक अक्षरे झिजतात, डोळ्यांत बसवलेली चांदीही सुटते. शिवाय मातीतले क्लोराइड, म्हणजे एक प्रकारचा क्षार, धातूत मुरलेले असते. दमट हवा लागली की फिकट हिरवी भुकटी सुटू लागते आणि धातू पोखरत जातो. म्हणून पाणीही नको! मूर्ती उचलण्याआधी जागेवरच फोटो घ्या, माती चिकटलेलीच राहू द्या. १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेला ठेवा) कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावीच लागते.

– एक वाचक