मराठीत मॅन पान लिहून देणाऱ्या मित्रास

सप्रेम नमस्कार,

आमच्या प्रोग्रॅमचं तुम्ही केलेलं पॅकेज, वापर समजावणाऱ्या मॅन पानासकट, बसलं, चालतंय, हे तुम्हाला फोनवर सांगितलंच. पण आभार नीट मानायचे राहिले.

आमच्या वाचनालयात कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे, त्याखाली मारियाडीबी हा डेटाबेस. मुदत उलटलेल्या पुस्तकांची यादी काढायला एका जुन्या सभासदाने पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एक ओळ टाकली की यादी हजर. तो बसवायचं काम पैसे देऊन ज्यांच्याकडे सोपवलं, त्यांनी सुडो लावून, म्हणजे सर्व्हरचे सगळे अधिकार घेऊन, पिप या पायथनच्या साधनाने सगळं कोंबलं आणि बिल घेऊन गेले. सर्व्हरवरच्या डेबियन या प्रणालीच्या ११ वरून १२ वर आलो, पायथन ३.९ चा ३.११ झाला, आणि प्रोग्रॅमला डेटाबेसाशी जोडणारं पायमायएसक्यूएल जुन्या फोल्डरातच राहिलं; प्रोग्रॅम बंद पडला. फोन केला तर म्हणाले, "सर्व्हर फॉरमॅट करावा लागेल." मागोमाग कोटेशनही आलं! त्यात मात्र दिरंगाई नव्हती.

तुम्ही डेब फाइल, म्हणजे डेबियनच्या पद्धतीचं पॅकेज, करून दिलीत. पायमायएसक्यूएल आता डेबियनचंच येतं, म्हणजे पायथन बदलला की तेही सोबत बदलेल. हे कौशल्याचं काम आहे, आणि तुम्ही त्याचे पैसे घेतले नाहीत. पण मी हे पत्र लिहितोय ते त्या मॅन पानासाठी.

प्रत्येक प्रोग्रॅमसोबत मॅन पान असावं, असं डेबियनची नियमावली सांगते. ते मराठीत असावं असं कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही आमच्या देवघेव काउंटरवरच्या ताईंना फोन करून विचारलंत, रोज काय शोधावं लागतं? त्यांचेच प्रश्न उदाहरणं म्हणून घातलेत. आणि सगळ्यात वर एक ओळ: "ही आज्ञा फक्त वाचते, काहीही पुसत नाही. निर्धास्त चालवा." नुसतं लिहून थांबला नाहीत, प्रोग्रॅमसाठी डेटाबेसात फक्त सिलेक्टचा, म्हणजे वाचण्याचा, अधिकार असलेला वेगळा वापरकर्ताही करायला लावलात.

त्या एका ओळीने काय झालं ते सांगतो. ताई आजवर टर्मिनलला हात लावत नव्हत्या. "माझ्या हातून सगळं उडालं तर?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न, आणि त्याला उत्तर द्यावं असं आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं. आता यादी त्याच काढतात. टर्मिनलमध्ये काही ओळींच्या कडा वेड्यावाकड्या दिसतात, त्याचं त्यांना काही नाही.

समोरच्याला भीती कशाची वाटते हे विचारणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत. संगणकवाल्यांत तर अजिबातच नाही, राग मानू नका.

एक तक्रार आहे. पॅकेजच्या मेंटेनर, म्हणजे देखभाल करणाऱ्याच्या, ओळीत तुम्ही आमच्या वाचनालयाचं नाव टाकलंत. शेजारच्या तालुक्याच्या वाचनालयाने फाइल मागितली आहे, त्यांच्याकडेही कोहाच आहे. ती पाठवण्याआधी तिथे तुमचं नाव घाला. तोवर मी फाइल अडवून ठेवली आहे.

आपला,
ग्रंथपाल