शाळेचा बाक तोलून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कुपवाड एमआयडीसीत माझा फॅब्रिकेशनचा छोटा कारखाना आहे. शाळांचे बाक, वसतिगृहांचे पलंग, ग्रंथालयांचे रॅक हेच आमचं गेल्या बावीस वर्षांचं काम. मे महिन्यात एका शाळेचे चाळीस बाक दुरुस्तीला आले. घेऊन जेमतेम तीन वर्षं झालेली. एक बाक उलटा केला तर पायाच्या पाइपातून चहाच्या भुकटीसारखा गंज भुरभुरला. खालचे प्लास्टिकचे बूट कधीच गेलेले. फरशी पुसल्याचं पाणी उघड्या तोंडातून शिरून पाइप आतून खाल्ला होता. पाय बैठकीला मिळतो त्या सांध्यावर सलग वेल्डिंग नव्हतं, नुसते दोन टाके, आणि दोन्ही सुटलेले. तिथल्या धारेला कुणाच्या तरी गणवेशाचा निळा धागा अडकून होता. तो पाहून मला फार वाईट वाटलं.

बाक करणाऱ्याचा राग येतोच, पण दुखणं निविदेपासूनच सुरू होतं. ‘दोन विद्यार्थ्यांसाठी लोखंडी बाक, पावडर कोटेड’ (म्हणजे रंगाची पूड मारून भट्टीत भाजलेला) एवढंच लिहायचं आणि ज्याचा दर सर्वांत कमी, म्हणजे एल-वन, त्याला काम द्यायचं. गेज हे पत्र्याच्या जाडीचं माप; त्याचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, हे खरेदी समितीतल्या शिक्षकांना कुणी सांगत नाही. 25 मिमी चौकोनी पाइप 16 गेजचा असेल तर जाडी 1.6 मिमी, 20 गेजचा असेल तर 0.9 मिमी. आमच्या मापाच्या बाकाला साधारण दहा मीटर पाइप लागतो. पहिल्याचं वजन भरतं पावणेबारा किलोच्या आसपास, दुसऱ्याचं पावणेसात. रंग चढला की डोळ्यांना दोन्ही सारखेच. जो जाड पाइप धरून दर भरतो, तो निविदा उघडताच बाहेर फेकला जातो. मी स्वतः अनेकदा गेलो आहे.

फळीचंही तेच. पार्टिकल बोर्ड एका पावसाळ्यात कडेने फुगतो. आयएस 710 या भारतीय मानकाचा मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारं प्लायवूड, महाग पडतो, पण खिडकीतून येणारी झड सोसतो.

त्यात मार्चअखेरची घाई. निधी परत जाऊ नये म्हणून पंधरा दिवसांत माल मागतात. पावडर मारण्याआधी लोखंडावरचं तेल आणि गंज काढून फॉस्फेटिंग, म्हणजे रंग घट्ट धरणारा फॉस्फेटचा थर, करावं लागतं. वेळ नसला की पहिली कात्री तिथेच लागते, मग वर्षभरात रंग शेंगदाण्याच्या सालीसारखा सुटतो.

निविदेत पाइपाची जाडी मिलिमीटरमध्ये आणि सांगाड्याचं वजन किलोमध्ये लिहावं. सांध्यांना चहूबाजूंनी सलग वेल्डिंग हवं, ही अट स्पष्ट घालावी. आलेल्या मालातला कुठलाही एक बाक करवतीने कापून पाहावा. त्या एका बाकाचा खर्च पुरवठादाराने सोसावा. बिलाचा दहावा हिस्सा तीन वर्षं राखून ठेवला तरी माझ्यासारख्यांची तक्रार नसेल.

तोपर्यंत मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे. नवे बाक आले की पोचपावतीवर सही करण्याआधी एका बाकाच्या फळ्या काढा. नटबोल्टच्या असल्या तर दहा मिनिटांत निघतात. मग तो सांगाडा गावातल्या धान्याच्या वजनकाट्यावर ठेवा.

आपला,
एक फॅब्रिकेशन व्यावसायिक, कुपवाड (जि. सांगली)